दारू सुटेल तेव्हा सुटेल, आधी माणूस वाचला पाहिजे

शपथा झाल्या, धाडी झाल्या. पण जो आज पितोय आणि उद्याही पिणार आहे, त्याच्यासाठी मोहने ते मुरबाड पट्ट्यात काय सोय आहे?

दरवर्षी २६ जून आला की आपल्याकडे ठरलेलं चित्र दिसतं. अमली पदार्थविरोधी दिन असतो. शाळेतली पोरं फलक घेऊन फेरी काढतात, नाक्यावर शपथ होते, फोटो ग्रुपवर फिरतात. त्याच आठवड्यात कुठेतरी एमडी, गांजा नाहीतर खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पकडल्याची बातमी येते. खाडीकाठच्या हातभट्ट्यांवर धाड पडते, ड्रम फोडले जातात. या गोष्टी चुकीच्या आहेत असं कुणी म्हणणार नाही. पण मोहने, अटाळी, आंबिवली, टिटवाळा या भागात किंवा पुढे मुरबाड-शहापूरच्या गावांत ज्या घरात रोज संध्याकाळी सात वाजले की सगळ्यांचे कान दाराकडे लागतात, त्या घराला एकच प्रश्न पडलेला असतो. आज रात्री काय होणार?

त्या प्रश्नाला शपथेत उत्तर नाही आणि धाडीतही नाही. शपथ न पिणाऱ्याला सावध करते. धाड विकणाऱ्याला पकडते. मधे जो पिणारा आहे, नशा करणारा आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे दोनच वाक्यं आहेत: "सोड" आणि "मर मग". या दोन वाक्यांच्या मधली जी जागा आहे, तिथे जगभरात गेली तीस-चाळीस वर्षं काम चाललंय. डॉक्टर लोक त्याला हार्म रिडक्शन म्हणतात. साध्या मराठीत, नुकसान कमी करणं. विहिरीत पडलेल्याला आधी दोर टाकतात. पोहायला का शिकला नाहीस, हे नंतर विचारतात. एवढाच त्याचा अर्थ.

अडतीसात एक

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात असं दिसलं. त्यातल्या साधारण ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. अफू, हेरॉईन आणि त्या जातीच्या औषधांच्या नशेसाठी मदत लागणारे सुमारे ७७ लाख. सुईनं नशा घेणारे सुमारे साडेआठ लाख.

पण त्या अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कुठल्याही प्रकारचे उपचार मिळाल्याचं आढळलं. बेकायदा नशेच्या पदार्थांच्या बाबतीत २० पैकी एकाला.

म्हणजे ३७ जण बाहेर आहेत. ते सगळे निर्लज्ज आहेत, त्यांना सुटायचंच नाही, असं म्हणणं सोपं आहे. पण यातल्या बहुतेकांनी पाच-दहा वेळा तरी सोडायचा प्रयत्न केलेला असतो. माळ घातलेली असते, देवीसमोर नारळ फोडलेला असतो, पोराच्या डोक्यावर हात ठेवलेला असतो. सुटली नाही, कारण नुसत्या मनाच्या निश्चयानं शरीर ऐकत नाही. आणि शरीरासाठी जी मदत लागते ती जवळपास नाही, किंवा आहे हे माहीतच नाही.

मोहन्याचं गणित

मोहने हे नाव घेतलं की एनआरसी कंपनी आठवते. नॅशनल रेयॉन. भोंग्यावर चालणारं गाव होतं ते. २००९ साली कंपनीला टाळं लागलं, हजारो कामगार रस्त्यावर आले आणि देण्यांसाठीची लढाई पुढे वर्षानुवर्षं चालली. कंपनी बंद पडली म्हणून सगळे पिऊ लागले, असं म्हणणं खोटं ठरेल आणि त्या कामगारांवर अन्यायही होईल. कितीतरी जणांनी रिक्षा घेतली, भाजी विकली, वॉचमनची नोकरी धरली आणि पोरं शिकवली.

पण एक गोष्ट खरी आहे. शिफ्टची घडी, ठरलेला पगार आणि "मी अमुक खात्यात आहे" ही ओळख, या तीन गोष्टी माणसाला सावरून धरतात. त्या गेल्या की ज्याला आधीपासून थोडी सवय असते, ज्याच्या मनावर आधीच ओझं असतं, तो लवकर घसरतो. हे मुंबईच्या गिरणगावात संपानंतर लोकांनी पाहिलंय. आणि आता त्या घरांतली पुढची पिढी मोठी झालीय. तिच्यासमोर दारूबरोबरच एमडी आहे, झोपेच्या गोळ्या आहेत ज्यांना पोरं 'बटन' म्हणतात, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप आहे.

समजा मोहन्यातल्या एखाद्या बाईला नवऱ्याला सरकारी मानसोपचार डॉक्टरला दाखवायचंय. तिला आंबिवलीहून लोकल पकडून कल्याण, उल्हासनगर किंवा थेट ठाणं गाठावं लागतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून आहे, पण तिथे जायचं म्हणजे दोघांची एक दिवसाची हजेरी बुडाली. शिवाय "येड्यांच्या इस्पितळात नेतेस का मला?" हे ऐकून घ्यायचं. शहापूर-मुरबाडच्या आतल्या पाड्यावरून तर आधी एसटी, मग लोकल. सकाळी नशा उतरलेली असते आणि माणूस "चल जाऊ" म्हणतो, ती वेळ दोन-तीन तासांची असते. तेवढ्यात दवाखाना गाठता आला नाही, तर तो दिवस गेला.

एकदम बंद केली की काय होतं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात माणसं जातात. जो वर्षानुवर्षं रोज भरपूर पितोय, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घेतो, त्याची दारू एका दिवसात घरच्या घरी बंद करणं धोक्याचं आहे.

शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, घाबरं होणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. गावात अशा वेळी "बाहेरचं लागलं" म्हणून भगताकडे नेतात. ते बाहेरचं नसतं. मेंदूला दारूची सवय लागलेली असते आणि ती अचानक काढून घेतल्यामुळे मेंदू खवळलेला असतो. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

यावर उपचार आहेत आणि ते महागही नाहीत. डॉक्टरच्या देखरेखीखाली काही दिवस शांत करणारी औषधं, आणि बी-१ म्हणजे थायमिनचं इंजेक्शन. नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घरी आणू नका; आधी थायमिन दिलंय का, हे डॉक्टरला विचारा. दारू पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व संपलेलं असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट, जाहिरातींची. "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" असे कागद लोकलच्या डब्यात, भिंतींवर, आता मोबाईलवरही दिसतात. भाजीत, चहात पूड मिसळायला सांगतात. त्या पुडीत काय आहे हे कुणी सांगत नाही. डॉक्टर जे डायसल्फिराम नावाचं औषध देतात, त्यावर दारू प्यायली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात. म्हणून ते माणसाला सगळं सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. न सांगता दिलं आणि वर तो क्वार्टर प्यायला, तर जीव जाऊ शकतो. बायकोनं चांगल्या मनानं केलं आणि नवरा गेला, असं कुठल्या घरात होऊ नये.

'सेंटर'ला टाकण्याआधी

घरचे थकतात. मग कुणीतरी नंबर देतं: गाडी येते, चौघं येतात, उचलून नेतात, तीन महिने भेटायचं नाही. अशी ठिकाणं देशभर उगवलीत. त्यातली काही चांगली असतात, काहींत माराशिवाय औषध नसतं.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजारही त्यात मोडतात. अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. साखळीनं बांधायला सरळ बंदी आहे. रुग्णाला अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे. म्हणजे "व्यसनी आहे, त्याला काय विचारायचं" हे कायद्यात बसत नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. नोंदणी क्रमांक काय? मानसोपचार तज्ज्ञ कोण आणि कधी येतात? पहिले काही दिवस आकडी आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार? घरच्यांना भेटू देता का? चौथ्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर आलं, तर परत फिरा.

चांगलं काम कसं असतं हे महाराष्ट्राला माहीत नाही असं नाही. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. त्या काळात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पोरांना गिळत होती आणि अवचटांनी त्यावर लिहून सगळ्यांना जागं केलं होतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. या लोकांनी व्यसनी माणसाला आधी माणूस म्हणून बसवलं, चहा दिला, बोलतं केलं. मुक्तांगणचा रस्ता पूर्ण सोडण्याचा आहे, आणि ज्याला तो जमतो त्याच्यासाठी तोच उत्तम. प्रश्न ज्याला अजून जमत नाही त्याचा आहे.

गोव्यानं काय करून दाखवलं

शेजारच्या गोव्यात 'संगत' नावाच्या संस्थेनं एक प्रयोग केला. डॉक्टर नाहीत, मानसोपचार तज्ज्ञ नाहीत, तर काय करायचं? त्यांनी साध्या, स्थानिक लोकांना समुपदेशनाचं शिक्षण दिलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. १० आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर हा अभ्यास झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांना त्याबरोबर एक ते चार बैठका. बैठकीत भाषण नाही. किती पितोस, कधी पितोस, कुणाबरोबर, त्यानं काय बिघडतंय, कुठल्या वेळी मोह होतो, तेव्हा दुसरं काय करता येईल, आणि हे सगळं तोच माणूस स्वतः सांगणार.

तीन महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या उपचारांत २६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. बैठका झालेल्यांत ३६ टक्के. आदल्या १४ दिवसांत थेंबही न घेतलेले एका बाजूला १८ टक्के, दुसऱ्या बाजूला ४२ टक्के. वर्षभरानंतरही फरक टिकला होता. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

हे आकडे चमत्काराचे नाहीत. शंभरातले चौसष्ट जण तीन महिन्यांत सुधारले नाहीत, हेही त्यातच आहे. आणि हा अभ्यास मधल्या टप्प्यातल्या पिणाऱ्यांवर होता; ज्यांना सकाळी थरथर होते त्यांना डॉक्टर लागतोच. पण विचार करा. आपल्या आशाताई, आरोग्य केंद्रातल्या नर्स, एखादा पिणं सोडलेला गावातलाच माणूस, यांना असं शिक्षण दिलं तर? इमारत नको, मशीन नको. एक खोली, दोन खुर्च्या आणि आठवड्यातला एक दिवस.

सिरप, बटन आणि सुई

दारूपेक्षा ही नशा वेगळी, पण तत्त्व तेच. सुईनं नशा घेणारे एकमेकांची सुई वापरतात आणि एचआयव्ही, कावीळ पसरते. या लोकांत एचआयव्हीचं प्रमाण बाकीच्या लोकसंख्येपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आहे. मणिपूरनं हे आधी भोगलं, आणि १९९६ सालीच आपल्या एड्स धोरणात नुकसान कमी करण्याची दिशा मान्य केली. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट १९९५ पासून रस्त्यावरच्या नशा करणाऱ्यांमध्ये हे काम करते आहे: स्वच्छ सुया, जखमांची मलमपट्टी, टीबीची तपासणी.

पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानं, म्हणजे खुद्द भारत सरकारनं, हा मार्ग स्वीकारला. हेरॉईनच्या जागी ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी जिभेखाली ठेवायला देतात, देखरेखीखाली, मोफत. माणसाला तलफ येत नाही, सुई लागत नाही, चोरी करावी लागत नाही, तो कामावर जाऊ शकतो. पंजाबनं २०१७ पासून अशी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत काढली. "एका नशेच्या जागी दुसरी नशा" असा आक्षेप यावर घेतात. पण मधुमेहवाला रोज इन्सुलिन घेतो, त्याला आपण नशेबाज म्हणत नाही. फरक हा की एक जण गटाराशेजारी पडलेला असतो आणि दुसरा सकाळी डबा घेऊन लोकल पकडतो.

एक धोका मात्र प्रत्येक घरानं लक्षात ठेवावा. जो पोरगा तीन महिने सेंटरला किंवा सहा महिने आधारवाडीत काढून बाहेर येतो, त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तो जुन्या सवयीनं जुनीच मात्रा घेतो आणि श्वास बंद पडतो. सुटून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. तसंच सिरप, बटन आणि दारू एकत्र घेतली तर तिन्ही मिळून श्वास मंदावतात. बेशुद्ध पडलाय, घोरल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळे पडलेत, तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. हेरॉईन आणि कोडीनच्या जातीची नशा उतरवणारं नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. पण त्यासाठी माणूस वेळेत दवाखान्यात पोचला पाहिजे आणि घरच्यांनी काय घेतलंय ते खरं सांगितलं पाहिजे.

नशा आधी की मन आधी?

कोंबडी आधी की अंडं, तसा हा प्रश्न आहे. कित्येकांची नशा ही झोप न येण्यावरचं, भीतीवरचं, उदासीवरचं त्यांनीच शोधलेलं औषध असतं. दारू त्या रात्रीपुरती झोप देते आणि काही महिन्यांत उदासी दुप्पट करते. कुणाला आवाज ऐकू येत असतात आणि गांजानं ते वाढतात. अशा माणसाची नुसती दारू सोडवली आणि मनाचा आजार तसाच ठेवला, तर तो परत पितो. नुसत्या मनाच्या गोळ्या दिल्या आणि दारूबद्दल विचारलंच नाही, तर गोळ्या लागू पडत नाहीत. आपल्याकडे व्यसनमुक्तीवाले म्हणतात आधी डोक्याचा इलाज कर, डोक्याचे डॉक्टर म्हणतात आधी दारू सोड. या खेळात रुग्ण फुटबॉल होतो. दोन्ही इलाज एकाच खोलीत, एकाच दिवशी झाले पाहिजेत.

आणि जो म्हणतो "जगून काय करू", त्याचं बोलणं नशेतलं म्हणून सोडून देऊ नका. घरातली फवारणीची औषधं, दोर, गोळ्या त्याच्या हातापासून लांब ठेवा आणि त्याच्याशी बोला. असा प्रयत्न करणाऱ्यावर खटला भरण्याची भीतीही आता बाळगू नका. मानसिक आरोग्य कायद्यानं तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असं मानलं आहे आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे.

"अशानं सूट मिळेल" हा आक्षेप

गावातल्या बायका विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे: आम्ही मार खायचा आणि तुम्ही त्याला "थोडी कमी पी" सांगणार? नाही. नुकसान कमी करायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं. मारहाणीला आजार हे कारण होऊ शकत नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ पासून आहे, ११२ आणि १८१ हे नंबर आहेत. पोरांना घेऊन त्या रात्री शेजारी किंवा माहेरी जाणं म्हणजे नवऱ्याला सोडणं नाही, स्वतःला वाचवणं आहे.

दुसरा प्रश्न बंदीचा. महाराष्ट्रात बायकांनी आडव्या बाटलीच्या मतदानानं कित्येक गावांतली दुकानं बंद केली. गावातल्या २५ टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली की मतदान घेता येतं. ती बायकांची मोठी ताकद आहे आणि ती राहायलाच हवी. पण चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून टिकली, आणि तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ'च्या माध्यमातून गावोगाव जनजागृती आणि उपचार यांची जोड दिली गेली. धडा हा की दुकान बंद झालं तरी पिणारा गावातच राहतो. त्याला उपचार नसतील तर तो हातभट्टी शोधतो. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. ती सगळी कष्टकरी माणसं होती, स्वस्त म्हणून तिथे जाणारी.

बाहेरच्या देशांतही सगळं गोड नाही. पोर्तुगालनं २००१ साली स्वतःपुरत्या नशेसाठी तुरुंगाऐवजी सल्लागार समितीकडे पाठवायला सुरुवात केली, सोबत उपचारांवर पैसा लावला, आणि सुईमुळे होणारा एचआयव्ही खूप खाली आला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २०२३ मध्ये तसंच काहीसं केलं, पण २०२४ मध्ये सार्वजनिक ठिकाणी नशा करण्यावर पुन्हा कायदा आणावा लागला. नुसती सूट दिली आणि उपचार पुरेसे नसले तर लोक वैतागतात. उपचार आधी, हे दोन्हीकडून कळतं.

कायदा पोराच्या बाजूनंही आहे

अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ सालचा. तो कडक आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातलं कलम ६४-अ फारसं कुणी सांगत नाही. जो स्वतः नशा करतो, ज्याच्यावर नशा केल्याचा किंवा अगदी कमी प्रमाणात माल सापडल्याचा आरोप आहे, तो स्वखुशीनं सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते संरक्षण जातं. विकणाऱ्याला ही सवलत नाही. म्हणून पोरगा पकडला गेला तर एजंटच्या मागे धावण्याआधी वकिलाला हे कलम विचारा. फी परवडत नसेल तर कल्याण न्यायालयात विधी सेवेकडून मोफत वकील मागा.

आजपासून घरात काय करता येईल

- उपाशीपोटी पिऊ देऊ नका. जेवण, पाणी, ओआरएस. हे लाड नाहीत, यानं जठर आणि मेंदू थोडा तरी वाचतो.
- पिऊन गाडी नाही. किल्ली आधीच काढून घ्या. रेल्वे रूळ ओलांडून घरी यायचा रस्ता असेल तर कुणीतरी आणायला जा.
- किती पितो ते मोजायला शिका. ३० मिलीचा एक पेग धरला तर एका क्वार्टरमध्ये सहा पेग होतात. "एकच घेतली" म्हणजे सहा घेतले.
- हातभट्टी प्यायल्यावर डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं, पोटात जोरात दुखलं, तर एक मिनिट थांबू नका. लगेच मोठं हॉस्पिटल. कांदा, लिंबू, ताक यांनी विष उतरत नाही.
- टीबीच्या गोळ्या चालू असतील तर पितो हे डॉक्टरला सांगा. लिव्हरवर दोन्हीचा भार पडतो. पण "पितोय म्हणून गोळ्या बंद" असं स्वतःच ठरवू नका.
- बोलायचं ते सकाळी. नशेत वाद घालून आजवर कुणाची दारू सुटलेली नाही.
- फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा: मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६, व्यसनासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. दोन्ही मोफत आहेत.

आणि परत प्यायला तर? बहुतेक जण परत पितात. चार महिने न पिता काढले आणि एका लग्नात घेतली, तर ते चार महिने फुकट गेले असं नाही. त्या चार महिन्यांत पगार घरी आला, पोरांनी शांत झोप घेतली, लिव्हरनं श्वास घेतला. पुढच्या वेळी पाच महिने निघतील.

मागायचं काय?

निवडणुका आल्या की आपण गटार, पाणी, रस्ता मागतो. त्या यादीत आता हेही घाला. पालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस व्यसन आणि मनाच्या आजाराची एकत्र ओपीडी, आणि ती संध्याकाळीही, म्हणजे हजेरी बुडणार नाही. दारू सोडताना लागणारी औषधं आणि थायमिन कायम उपलब्ध. आशाताई आणि नर्सना गोव्यासारखं समुपदेशनाचं शिक्षण, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला, फुकट नाही. जिल्ह्यातल्या नोंदणी असलेल्या केंद्रांची यादी ग्रामपंचायत आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर. आणि २६ जूनला किती जणांनी शपथ घेतली या आकड्याबरोबर, वर्षभरात किती जणांना उपचार मिळाले आणि त्यातले किती सहा महिन्यांनंतरही संपर्कात आहेत, हा आकडा.

महाराष्ट्रानं २०११ साली व्यसनमुक्ती धोरण केलं. कायदा आहे, हेल्पलाइन आहे, शेजारच्या राज्यात सिद्ध झालेली पद्धत आहे. मोहन्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली आणि दोन खुर्च्या तेवढ्या नाहीत. त्या मागायला पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरसेवकाच्या दारात कुणीतरी पहिला अर्ज द्यायचा आहे. ज्या घरात हा त्रास आहे त्या घरानं लाजेपोटी तो दिला नसेल, तर शेजाऱ्यानं द्यावा.